हायवे ४९ संपतो तिथे

कवितेत सांगितलेल्या रस्त्यानंच जायचं, हा हट्ट माझा. न्यू ऑर्लिन्सहून मिसिसिपी राज्यातलं गल्फपोर्ट जेमतेम सव्वा तास, इंटरस्टेट १० धरला की झालं. पण अमेरिकन कवयित्री नताशा ट्रेथवेच्या ‘नेटिव्ह गार्ड’ संग्रहातली पहिलीच कविता वाचणाऱ्याला वाट सांगते: मिसिसिपीचा ४९ नंबरचा हायवे घ्या, दक्षिणेकडे निघा, रस्ता समुद्रापाशी आपोआप संपेल. म्हणून आम्ही आधी उलटे वर हॅटिसबर्गला गेलो आणि तिथून खाली उतरलो. रस्ताभर पाइनची झाडं, ओंडके लादलेले ट्रक आणि चर्चच्या पाट्या. नवरा म्हणाला, “कवितेपायी एवढा गॅस जाळणारी तू पहिलीच असशील.” वाटेतल्या मोटेलबद्दल काही लिहीत नाही. ती गादी आठवली तरी पाठ धरते.

ट्रेथवेचा जन्म गल्फपोर्टचा, २६ एप्रिल १९६६ चा. त्या दिवशी मिसिसिपीत कॉन्फेडरेट मेमोरियल डे होता, म्हणजे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूनं, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढून मेलेल्यांचा स्मृतिदिन. आई काळी, वडील गोरे, मूळचे कॅनडाचे आणि तेही कवीच. असं लग्न मिसिसिपीत तेव्हा गुन्हा होता. १९६५ मध्ये दोघं ओहायोला जाऊन लग्न करून परत आले. असले कायदे सुप्रीम कोर्टानं मोडीत काढले ते १९६७ मध्ये, पोरगी वर्षाची झाल्यावर. या लग्नावर तिची कविता आहे आणि ती चक्क गझल आहे. सुरेश भट ऐकत वाढलेल्या माणसाला लगेच कळतं: सुटे शेर, प्रत्येक शेराच्या शेवटी ‘मिसिसिपी’ हा रदीफ, आणि शेवटच्या शेरात कवयित्रीचं स्वतःचं नाव. काफिया, म्हणजे रदीफाआधीचं यमक, नाही, पण मला ते खटकलं नाही. तेच ते राज्य पुन्हा पुन्हा समोर येऊन उभं राहतं, ते पुरेसं आहे.

आई ग्वेंडोलिन १९८५ मध्ये अटलांटाजवळ मारली गेली. मारणारा तिचा दुसरा नवरा, ज्याच्यापासून तिनं घटस्फोट घेतला होता. नताशा तेव्हा १९ वर्षांची. आईच्या थडग्यावर कित्येक वर्षं नावाचा दगड नव्हता. ‘नेटिव्ह गार्ड’मध्ये एकीकडे ही आई आहे आणि दुसरीकडे गल्फपोर्टसमोरच्या शिप आयलंड बेटावरचे, यादवी युद्धातले काळे सैनिक, त्यांच्याही नावाचा दगड नाही. पुस्तकाला २००७ चं पुलित्झर मिळालं, पुढे २०१२ ते २०१४ ती अमेरिकेची पोएट लॉरिएट, म्हणजे राष्ट्रकवी, होती. मला ओढून नेलं ते मात्र त्या सैनिकांनी.

शिप आयलंडची बोट गल्फपोर्टच्या बंदरातून सुटते. किनाऱ्यापासून बेट बारा मैलांच्या आसपास, साधारण तासाभराचा प्रवास. रांगेत आमच्यापुढे कूलर, छत्र्या, फुगवायचे मगरी-फ्लेमिंगो. आमच्याकडे एक पुस्तक आणि थेपले. किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ चहासारखं, बाहेर गेल्यावर निवळत जातं. डॉल्फिन दिसले, लेकीचे पैसे तिथेच वसूल झाले.

शेजारी साठीची एक गोरी बाई बसली होती. लेकीला तिनं द्राक्षं दिली, मला सनस्क्रीन. दर वाक्याला ‘हनी’. या दक्षिणी अगत्याची मला आधी धास्ती होती. खरं सांगायचं तर अमेरिकेत इतक्या वर्षांत अनोळखी माणसानं डबा उघडून पुढे केल्याचं मला दुसरं आठवत नाही. लहानपणापासून बेटावर येतेय म्हणाली. किल्ला माहीत होता. “तिथे आमचे कैदी ठेवले होते,” असं म्हणाली. ‘आमचे’.

ट्रेथवेनं एका मुलाखतीत सांगितलंय की तीही लहानपणापासून या बेटावर येत होती आणि त्या कैद्यांवर पहारा कुणाचा होता हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. मोठेपणी गल्फपोर्टच्या रेस्टॉरंटमध्ये आजीशी बोलत बसलेली असताना शेजारच्या टेबलावरची बाई वाकून म्हणाली, या बेटाबद्दल तुला आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. हे माझ्या डोक्यात होतंच. म्हणून मी विचारलं, “त्या कैद्यांवर पहारा कुणाचा होता, माहीत आहे?”

आणि मग सांगितलं. उत्तरेच्या सैन्यातल्या लुइझियाना नेटिव्ह गार्ड्सची दुसरी रेजिमेंट, जानेवारी १८६३ पासून या बेटावर. सगळे काळे सैनिक, त्यातले पुष्कळ काही महिन्यांपूर्वीपर्यंत कुणाचे तरी गुलाम. कैदी त्यांच्या मालकांच्या बाजूचे. ९ एप्रिल १८६३ ला हे सैनिक समोरच्या पास्कागुलावर चालून गेले, आणि माघारी येताना त्यांच्यावर गोळे टाकले ते त्यांच्याच बाजूच्या ‘जॅक्सन’ नावाच्या गनबोटीनं. त्यातही माणसं मेली.

बाईनं गॉगल वर केला. थोडं थांबून म्हणाली, “आम्हाला शाळेत हे कधीच सांगितलं नाही.” मग मला विचारलं, “तू कुठली, हनी?” मी म्हटलं, पुणे, इंडिया. “आणि तुला हे कसं माहीत?” मी पुस्तक दाखवलं. तिनं मुखपृष्ठाचा फोटो काढला. वाचलं की नाही देव जाणे. नवरा नंतर चिडवत होता की परक्या गावात जाऊन त्यांना त्यांचाच इतिहास शिकवणं हा अस्सल पुणेरीपणा. असेल.

बेटावर उतरल्या उतरल्या नव्वद टक्के लोक लाकडी वाटेवरून पलीकडच्या बीचकडे पळाले. फोर्ट मॅसॅच्युसेट्स डावा टाकून. विटांचा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा किल्ला. १८५९ मध्ये बांधायला घेतला, काम थांबलं १८६६ मध्ये. आत मात्र अप्रतिम गारवा. रेंजरनं नेटिव्ह गार्ड्सबद्दल मनापासून सांगितलं, पण तोवर ऐकायला आम्ही तिघं आणि एक म्हातारं जोडपं उरलो होतो. डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी या संघटनेनं किल्ल्याच्या दाराशी लावलेल्या फलकाबद्दल ट्रेथवेची एक कविता आहे: कॉन्फेडरेट सैनिकांची नावं ब्राँझमध्ये, पहारेकऱ्यांची कुठेच नाहीत.

तोफेच्या कमानीत बसून आम्ही संग्रहाची शीर्षक-कविता वाचली. दहा सुनीतं, एकाची शेवटची ओळ थोडी बदलून पुढच्याची पहिली. बोलणारा पूर्वी गुलाम असलेला सैनिक. त्याला लिहिता येतं, कैद्यांपैकी अनेकांना येत नाही, म्हणून तो त्यांची घरची पत्रं लिहून देतो. स्वतःची रोजनिशी लिहितो ती एका कॉन्फेडरेटच्या जप्त केलेल्या वहीत, जुन्या ओळींवर आडव्या ओळी. लेक नववीत आहे, इतिहासाचा कंटाळा करते. ती म्हणाली, “पण तो पत्रात काहीही लिहू शकला असता ना? त्यांना कुठे वाचता येत होतं!” या प्रश्नासाठी हॅटिसबर्गची गादीसुद्धा माफ.

बाकी बेटावर झाडाची सावली म्हणाल तर नाही. पाणी भरपूर न्या. बेटाचे १९६९ च्या कॅमिल वादळानं दोन तुकडे केले होते. त्या पहिल्या कवितेत, बोटीत चढताना कुणीतरी तुमचा फोटो काढतं आणि परतल्यावर तो तुमची वाट पाहत असतो. घरी परत जाता येत नाही, हे तिनं त्यात सहज लिहून ठेवलं होतं. मग २००५ च्या कॅटरिनानं तिचं गल्फपोर्टच पुसून टाकलं. आमचा फोटो कुणी काढला नाही, सेल्फीत नवऱ्याचं अर्धं डोकं आलंय.

संध्याकाळी नवरा-लेकीनं कोळंबीचं पो’बॉय सँडविच हाणलं. मी फ्रेंच फ्राइज. गल्फच्या किनाऱ्यावर शाकाहारी माणसाला एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी भांडण. बिलॉक्सीत ब्यूव्हार आहे, कॉन्फेडरसीचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिसचं शेवटचं घर. ते सन्स ऑफ कॉन्फेडरेट व्हेटरन्स ही संघटना चालवते. नवरा म्हणाला, एवढ्या लांब आलोय, बघू तरी. मी म्हटलं, त्यांना तिकिटाचे पैसे माझ्या पर्समधून जाणार नाहीत. “मग माझ्या पाकिटातून जातील,” म्हणत तो एकटा गेला. मी आणि लेक समोरच्या बीचवर. हा बीचही माणसानं केलेला, खारफुटीच्या दलदलीवर २६ मैल वाळू ओतून. ट्रेथवे त्यालाही सोडत नाही. मी तिचा पहिला संग्रह, ‘डोमेस्टिक वर्क’, वाचत होते. त्यात तिची आजी आहे, लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी. लेक वाळूत मोबाइल खेळत होती.

पाऊण तासानं नवरा आला. काय बघितलंस, विचारलं.

“एसी मस्त होता,” म्हणाला.