याकोबाच्या वाटेवर एक प्रोटेस्टंट

स्पेनमधल्या लिओनहून सांतियागो दे कॉम्पोस्तेलापर्यंत, म्हणजे येशूचा शिष्य संत याकोब जिथे पुरलाय असं मानतात तिथपर्यंत, चालत जायचं ठरवलं, तेव्हा आमच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी सरळच विचारलं, "अगं, तू प्रोटेस्टंट. संतांच्या हाडांकडे चालत जाऊन तुला काय मिळणार?" प्रश्न रास्त होता. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरनंही लोकांना या यात्रेपासून परावृत्तच केलं होतं. तिथे याकोब पुरलाय की एखादं मेलेलं कुत्रं, कोण जाणे, असं तो म्हणायचा. मी निघाले ते आमच्या हरकती घेऊनच. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्या पाठ म्हणतो, पण ज्यांच्यावर हरकत घ्यायची त्यांच्याशी निवांत बोलणं मात्र क्वचितच होतं.

राबानालच्या मुक्कामात पोलंडच्या एका निवृत्त शिक्षिकेची गाठ पडली. पक्क्या कॅथलिक, हातात रोझरीची माळ. पुढची वाट आम्ही बरोबर चाललो आणि वाटभर वाद घातला.

दुसऱ्या दिवशी क्रूस दे फेरो लागला. सुमारे १५०० मीटर उंचीवर लाकडी खांब, त्याच्या टोकाला लहानसा लोखंडी क्रूस आणि खाली यात्रेकरूंनी आणून टाकलेल्या दगडांचा ढीग. काही दगडांवर नावं, काहींना चिकटवलेले गेलेल्या माणसांचे फोटो. त्या क्रुसावर येशूची मूर्ती नाही. मी म्हटलं, "आमच्याकडेही क्रूस असा रिकामाच असतो, कारण तो उठला आहे." बाई म्हणाल्या, "उठला हे खरंच. पण माझ्यासाठी मरताना तो कसा दिसला, ते मला विसरायचं नाही."

मग मूर्तींचा विषय निघाला. 'कोरीव मूर्ती करू नको' ही आमच्याकडे स्वतंत्र दुसरी आज्ञा आहे. कॅथलिक ती पहिल्याच आज्ञेत धरतात, आणि लूथरच्या पंथातले, म्हणजे लूथरन, लोकही तसंच धरतात, हे आमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. बाईंनी ७८७ सालच्या निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेचा दाखला दिला: आराधना फक्त देवाची, प्रतिमेला मान, आणि तो मानही प्रतिमा ज्याची त्याला पोचतो. भेद नीट मांडलेला आहे, मला तो समजतो. पण बायबलमधल्या हिज्कीया राजानं मोशेनं केलेला पितळी सर्प फोडून टाकला, तो लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले म्हणून. सर्प तर देवाच्याच सांगण्यावरून केलेला होता. परिषदेनं आखलेली रेघ गुडघे टेकलेल्या माणसाला दिसतेच असं नाही, ही माझी भीती तिथेही गेली नाही.

विलाफ्रांका देल बिएर्सो इथे संत याकोबाचं एक जुनं चर्च आहे. त्याच्या उत्तरेकडच्या दाराला क्षमेचं दार म्हणतात. आजारपणामुळे पुढे जाता येत नसेल, तर या दारापर्यंत पोचलेल्याला सांतियागोला पोचल्याचाच इंडल्जन्स, म्हणजे पापाच्या शिक्षेची माफी, मिळे. दार बंद होतं. ते पवित्र वर्षातच उघडतं, म्हणजे याकोबाचा सण, २५ जुलै, रविवारी येतो त्या वर्षी. पायरीवर बसून बाईंनी मला इंडल्जन्स समजावला आणि इतकं नेमकं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पाप क्षमा होतं ते प्रायश्चित्तात. क्षमेनंतरही ऐहिक शिक्षा उरते, ती इंडल्जन्सनं माफ होते, ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्यसंचयातून. पैशांसाठी इंडल्जन्स देणं पोप पाचव्या पायसनं १५६७ मध्ये रद्द केलं. म्हणजे 'कॅथलिक पापक्षमा विकतात' हे वाक्य आज कुणी उच्चारलं, तर ते खोटं आहे, आणि आपण ते थांबवायला हवं.

तरी मुख्य हरकत उरतेच. लूथरच्या विटेनबर्गमध्ये सॅक्सनीचा इलेक्टर (शासक) फ्रेडरिक यानं १५२० पर्यंत सुमारे १९,००० पवित्र अवशेष जमवले होते आणि त्यांच्या दर्शनाचा हिशेब लाखो वर्षांच्या शिक्षामाफीत मांडला होता. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाला लोक त्या दर्शनाला येत, आणि त्याच्याच आदल्या दिवशी, १५१७ मध्ये, लूथरचे इंडल्जन्सविरुद्धचे ९५ सिद्धांत पुढे आले. पैसा वगळला, तरी हिशेब राहतो. ख्रिस्तानं सगळं भरलं असेल, तर बाकी कसली? मी हे विचारलं. बाई म्हणाल्या, "मुलाला माफ केलं, तरी फोडलेली काच त्याच्याकडून बसवून घेतेच ना मी?" उत्तर चांगलं होतं. पण काच कधीच बसवून झाली आहे, वधस्तंभावर, असं मी मानते, आणि यावर मला तडजोड करता येत नाही.

ओ सेब्रेइरोच्या चर्चमध्ये बाराव्या शतकातला प्याला जपून ठेवलाय. कथा अशी, की बर्फाच्या वादळातून एक शेतकरी मिस्साला (प्रभुभोजनाच्या कॅथलिक उपासनेला) आला आणि 'एवढ्याशा भाकरी-द्राक्षारसासाठी आलास' म्हणून पाद्र्यानं मनात त्याला हिणवलं. तेवढ्यात भाकरीचं मांस आणि द्राक्षारसाचं रक्त झालं. मी चमत्कार मानत नाही. पण प्रभुभोजनाबद्दल आम्हा प्रोटेस्टंटांचं तरी कुठे एकमत आहे? १५२९ मध्ये मारबुर्गला लूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली याच मुद्द्यावर अडले. वाटेवरचे पिवळे बाण, ज्यांच्या भरवशावर मी चालत होते, ते आखायची सुरुवात इथल्याच धर्मगुरूंनी, एलियास वालिन्या यांनी, केली.

सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये घोड्यावर बसून तलवार उगारलेला याकोब आहे, आणि घोड्याखालचे मूर (मुसलमान) फुलांनी झाकलेले. हे चिन्ह मला सर्वांत जास्त खुपलं, बाईंनाही. प्रेषित याकोबाला हेरोदानं तलवारीनं मारलं असं शास्त्र सांगतं. त्यानं तलवार चालवल्याचं कुठेही नाही.

वेदीमागच्या पायऱ्या चढून लोक याकोबाच्या पुतळ्याला मागून मिठी मारतात. मी चढले नाही. खाली तळघरात मात्र गेले. जाळीपलीकडे चांदीची पेटी, जागा इतकी अरुंद की मागचा माणूस खांद्याला लागतो. बाई गुडघ्यांवर होत्या, मी शेजारी उभी. १५८९ मध्ये दर्यावर्दी ड्रेकच्या इंग्रजांची धाड पडेल या भीतीनं ही हाडं लपवली, आणि ती १८७९ पर्यंत सापडलीच नाहीत. म्हणजे प्रोटेस्टंटांच्या धास्तीनं जवळजवळ तीन शतकं यात्रेकरूंना अवशेष नेमके कुठे आहेत हे ठाऊकच नव्हतं, आणि तरी लोक येत राहिले. १८८४ मध्ये तेराव्या लिओ पोपनं ती याकोबाचीच असल्याचं जाहीर केलं. मला तो पुरावा वाटत नाही. अलीशा संदेष्ट्याच्या हाडांचा स्पर्श होताच एक मेलेला माणूस उठला, हे आमच्याही शास्त्रात आहे, म्हणून देव हाडांतून काम करणारच नाही, असं मी म्हणणार नाही. पण खात्री नसलेल्या हाडांवर भोळ्या माणसाचा विश्वास टेकवणं मला अन्याय वाटतो. मी तिथे देवाचे आभार मानले, मध्यस्थ ख्रिस्तच, हे मनाशी म्हणत.

वर मिस्सामध्ये बाई भाकरी घ्यायला गेल्या, मी बाकावरच राहिले. कॅथलिक नियमानं मला ती घेता येत नाही. इतकी वाट बरोबर चालून टेबलापाशी वेगळं व्हायचं, हे मला फार लागलं, आणि अजून लागतं. १९९९ मध्ये आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लूथरन चर्चनी 'तारण कृपेनंच' असं मिळून लिहून दिलं, तरी टेबल एक झालेलं नाही.

२०२७ मध्ये २५ जुलै रविवारी येतो, म्हणजे पवित्र वर्ष. बाई कॅथेड्रलच्या, क्विंताना चौकातल्या पवित्र दारातून आत जाणार आहेत, मलाही बोलावलंय. मी जाणार आहे, नेहमीच्या दारानं.