जुना रिपोर्ट पुरला नाही

२०२४च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादाच्या रक्तात पुन्हा ब्लास्ट, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या कच्च्या पेशी, दिसले. ३४ टक्के. प्लेटलेट २१ हजार. उपचार संपून वर्ष झालं होतं, दादा परत शाळेत शिकवायला जायला लागला होता. वहिनीने तो कागद माझ्या हातात दिला आणि आत जाऊन भाजी निवडत बसली. मी बँकेत नोकरी करते, डॉक्टरकीचं मला काही कळत नाही. पण घरात दादाची फाइल पहिल्यापासून माझ्याकडे.

पहिल्यांदा, जून २०२३ मध्ये, ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया म्हणजे एएमएल निघाला तेव्हा जनुकांचा रिपोर्ट बरा आला होता. गुणसूत्रं नॉर्मल, एनपीएम१ जनुकात बिघाड म्हणजे पॉझिटिव्ह, एफएलटी३ जनुकात नाही म्हणजे निगेटिव्ह. ‘चांगल्या गटातला आहे, बोन मॅरो ट्रान्सप्लांटशिवाय भागेल,’ असं सांगितलं गेलं. मग केमो: सात दिवस सायटाराबिन, तीन दिवस डॉनोरुबिसिन, मग सायटाराबिनच्या मोठ्या डोसच्या तीन सायकली. आम्ही तो रिपोर्ट देवाच्या अंगाऱ्यासारखा जपून ठेवला होता.

रिलॅप्स झाल्यावर, म्हणजे आजार उलटल्यावर, जवळच्या रुग्णालयात मॅरो म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी झाली, पण जनुकांच्या चाचण्या कोणी लिहून दिल्या नाहीत. ‘एकदा झाल्यात की, फाइलमध्ये आहेत.’ मलाही पटलं. खर्च वाचला असंच वाटलं, आणि तसं वाटल्याचा मला आजही राग येतो.

मुंबईत दुसऱ्या मतासाठी गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी फाइल उलटीसुलटी केली आणि विचारलं, “एफएलटी३ निगेटिव्ह, हा कधीचा रिपोर्ट?”

“गेल्या वर्षीच्या जूनचा.”

“मग तो त्या वेळच्या पेशींचा. आता वाढल्यात त्यांचा कुठे आहे?” मी गप्प बसले, तेव्हा त्यांनी दादाला विचारलं, शेती आहे का. ऊस आहे म्हटल्यावर म्हणाल्या, “तणनाशक मारलं की बाकीचं तण जळतं, लव्हाळा राहतो. दोन महिन्यांनी सगळ्या रानात तोच दिसतो. तेव्हा गेल्या वर्षी कुठलं तण होतं ते बघून औषध आणता का?”

दादा नुसता मान हलवत राहिला. रात्री मी शोधत बसले, तर २०१२ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या संशोधकांनी आठ एएमएल रुग्णांच्या पेशी आधीच्या आणि रिलॅप्सच्या वेळच्या, अशा शेजारी ठेवून तपासल्याचं सापडलं. काहींत मूळ पेशींनीच नवे बिघाड जोडून घेतले होते. काहींत आधी अगदी थोड्या असलेल्या एका फांदीने केमोतून तग धरला होता आणि तीच माजली होती. ज्यांना हे सगळं माहीत नाही अशा घरातल्या माणसांनी निदान एवढं विचारावं: ‘जनुकांच्या चाचण्या आत्ताच्या नमुन्यावर पाठवल्यात का?’

मॅरो परत झाली. दादा कुशीवर, कमरेच्या मागच्या हाडातून सुई. जांभळ्या बुचाची नळी जनुकांसाठी, हिरव्या बुचाची गुणसूत्रांसाठी. गुणसूत्रं पाहायला पेशी जिवंत ठेवून वाढवाव्या लागतात, म्हणून तो नमुना वेळेत पोचणं महत्त्वाचं. रक्तातच ब्लास्ट भरपूर असल्याने एफएलटी३साठी हाताचं रक्तही चाललं असतं, हे नंतर कळलं. फॉर्मवर बाईंनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या: एनजीएस पॅनल, म्हणजे एकदम अनेक जनुकं तपासणारी चाचणी, आणि एफएलटी३-आयटीडी हा बिघाड वेगळ्या पीसीआरने. आयटीडीमध्ये जनुकाचा एक तुकडा तिथेच पुन्हा जोडला जातो. तो तुकडा लांब असला तर एनजीएसमधून कधीकधी निसटतो, म्हणून वेगळी चाचणी. शिवाय तिचं उत्तर काही दिवसांत येतं, पॅनलला आठवडे लागतात.

ते दिवस आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढले. तिथे प्रत्येकाच्या काखेत फाइल. भंडाऱ्याहून आलेल्या एका काकांनी मला रिपोर्ट वाचायला शिकवलं: आधी नमुना घेतल्याची तारीख, मग बाकीचं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. एफएलटी३-आयटीडी पॉझिटिव्ह. जून २०२३ला जे नव्हतं ते आता होतं. एनपीएम१ तसाच होता. नंतर पॅनलमध्ये डीएनएमटी३ए या जनुकातला बिघाडही निघाला. तो बहुतेक वेळा सगळ्यांत जुना बिघाड असतो आणि आजार आटोक्यात असतानाही मागे राहू शकतो, असं बाई म्हणाल्या. त्याच्यावर नेमकं औषध नाही. एफएलटी३वर आहे.

रिलॅप्स झालेल्या एफएलटी३साठीची गोळी म्हणजे गिल्टेरिटिनिब. ज्या अभ्यासावर तिला मान्यता मिळाली त्यात ३७१ रुग्ण होते. गोळी घेणाऱ्यांचं मध्यम आयुष्य ९.३ महिने, नेहमीच्या केमोवाल्यांचं ५.६. ते आकडे मी वहिनीला सांगितले नाहीत. बाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “गोळी हा पूल आहे. त्यावर राहायचं नाही, पलीकडे ट्रान्सप्लांटला जायचं.”

त्या गोळीची किंमत ऐकून दादाच म्हणाला, रान विकायचं नाही. मग बाईंनी सोराफेनिबच्या गोळ्या आणि अझासायटिडिनच्या इंजेक्शनांचा मार्ग सांगितला. सोराफेनिब मूळचं मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कॅन्सरचं औषध, पण एफएलटी३लाही अडवतं आणि जगभर त्यासाठी वापरलं गेलंय. महिन्याच्या १२० गोळ्या एकेकाळी दोन लाख ऐंशी हजारांना होत्या. मार्च २०१२ मध्ये भारत सरकारने नॅटको कंपनीला देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असतानाही ते औषध बनवायची मुभा, दिला आणि त्याच गोळ्या ८,८८० रुपयांवर आल्या. औषधाच्या दुकानात बिल देताना मला तो निर्णय लिहिणाऱ्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

सकाळी दोन, रात्री दोन गोळ्या. महिन्यातले सात दिवस पोटात अझासायटिडिनचं इंजेक्शन. दादाचे तळपाय सोलवटले, फोड आले, वहिनी रोज मलम लावून सुती मोजे घालायची. दुसऱ्या सायकलनंतर मॅरोत ब्लास्ट ३ टक्के.

ट्रान्सप्लांटला पेशी द्यायला पूर्ण जुळणारं कोणी नव्हतं. मी निम्मी जुळले. बहिणीच्या पेशी भावाला दिल्या तर त्या अंगावर उलटण्याचा धोका थोडा जास्त, हे बाईंनी लपवलं नाही. पण अप्पा थकलेले, पुतण्या लहान. मी पाच दिवस इंजेक्शनं घेतली, कंबर ठणकायची, मग यंत्रावर बसून पेशी काढल्या. त्या दिल्यावर दादाला तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध दिलं, माझ्या पेशींनी त्याच्यावर हल्ला करू नये म्हणून. अठराव्या दिवशी रक्तपेशींचे काउंट वर आले.

तिसाव्या दिवसाच्या मॅरोत एफएलटी३ निगेटिव्ह, आणि कोणाच्या पेशी आहेत ते पाहायची चाचणी: एक्सएक्स ही बायकांची गुणसूत्रं, म्हणजे सगळ्या पेशी माझ्या. दादाने आधी नमुन्याची तारीख वाचली, मग बाकीचं. सोराफेनिब कमी डोसमध्ये चालू आहे. आजार परत येतोय का ते पाहायची पुढची एनपीएम१ची तपासणी तीन महिन्यांनी, आणि फॉर्मवर एफएलटी३ पुन्हा लिहून घ्यायचं मी लक्षात ठेवलंय.