किनोआचा कडू उपमा

दिवाळीनंतरच्या तपासणीत माझं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज, ६.१ आलं. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, रात्रीचा भात कमी करा. माझं माहेर कोकणातलं, त्यामुळे भाताशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही. लेक म्हणाली, "आई, किनोआ करून बघ." रविवार पेठेत भाव विचारला आणि पुडा परत ठेवला. तांदळाच्या कितीतरी पट! दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन मागे वळले आणि अर्धा किलो घेतला.

तांदळावरून फिरवतो तसं एकदा पाणी फिरवून उपमा केला. कडूजहर! लिंबू पिळलं, शेवटी साखरही घातली. जिच्यापायी हा खटाटोप, तीच. तरी कोणी दुसरा घास घेतला नाही.

मग शोधाशोध केली. दाण्याच्या सालीवर सॅपोनिन नावाचं कडू द्रव्य असतं. पाखरं दाण्याच्या वाटेला जात नाहीत ती त्यामुळेच. विकायच्या आधी बरंचसं काढतात, तरी थोडं राहतं. दुसऱ्या खेपेला पातेल्यात चांगलं चोळलं, तर पाण्यावर हा फेस! सासूबाई डोकावल्या. "रिठे भिजवलेस का गं?" त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं, रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. फेस थांबेपर्यंत चार पाणी काढली. रोळीत ओतलं तर निम्मे दाणे सिंकमध्ये गेले. तेव्हापासून जुन्या पंच्याचा तुकडा त्यासाठीच ठेवलाय.

कुकरमध्ये तीन शिट्ट्या केल्या तर लगदा होतो, हेही करून झालं. आता धुतलेले दाणे कढईत कोरडे होईपर्यंत परतते, वाटीला दोन वाट्या पाणी घालते आणि झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजवते. दाणा काचेसारखा होतो आणि त्याच्या कडेने पांढरी बारीक शेपटी सुटते, मोड आल्यासारखी. ती दिसली की गॅस बंद, आणि दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही.

आता गुणांचं. १०० ग्रॅम कच्च्या किनोआत साधारण १४ ग्रॅम प्रथिनं असतात, पांढऱ्या तांदळात जेमतेम ७. शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी नऊही अमिनो आम्लं त्यात आहेत. लायसिन, जे गहू-तांदळात कमी पडतं, तेही. तंतू ७ ग्रॅमच्या आसपास, शिवाय मॅग्नेशियम आणि लोह. गव्हातलं ते चिकट प्रथिन, ग्लूटेन, नाही. पण उष्मांक? जवळजवळ तांदळाइतकेच! "किनोआ आहे, घे अजून" म्हणत मी पहिले पंधरा दिवस ताट भरून खात होते, हे लेकीला अजून सांगितलेलं नाही. आता एकच वाटी, सोबत आमटी आणि भाजी.

तीन महिन्यांनी ५.८ आलं. श्रेय एकट्या किनोआचं नाही. संध्याकाळचा फरसाण सुटला आणि सकाळी टेकडी सुरू झाली, त्याचंही आहे. पुडा संपला की मधूनमधून राजगिराही शिजवते. तोही प्रथिनांत फार मागे नाही आणि खिशाला बरा.

किनोआ मूळचा पेरू-बोलिव्हियाकडच्या अँडीज डोंगरांतला. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्षच त्याच्या नावाने साजरं केलं होतं. सासूबाईंना मात्र वेगळ्याच गोष्टीत रस होता. एकादशीच्या आदल्या रात्री विचारलंन, "हे उपासाला चालतं का गं?"

"चालायला हवं, आई. हे गवताच्या जातीचं धान्य नाहीच. राजगिऱ्याच्याच कुळातलं आहे."

"आणखी कोण आहे त्या कुळात?"

"पालक, बीट. आणि आपला चाकवत तर अगदी सख्खा."

"चाकवत चालतो का उपासाला?"

"नाही."

"मग झालं तर," म्हणाल्या आणि साबुदाणा भिजत घालायला उठल्या.