मृगाच्या सुमारास वडाची माती

आमच्या गच्चीवरच्या बोन्साय वडाची माती यंदा तीन वर्षांनी बदलली. झाड जेमतेम दीड फूट उंचीचे, ट्रे अडीच इंच खोल, आणि काम अर्ध्या दिवसाचे. पण त्याची तयारी मी वैशाखापासून करत होते आणि मुहूर्त मात्र मृग नक्षत्र लागून दोन-तीन चांगल्या सरी पडून गेल्यावरचाच धरला होता. बोन्सायची माती थंडीत, झाड ‘झोपलेले’ असताना बदलायची असते, असे सांगणारे कोणी ना कोणी मला दर वर्षी भेटते. त्यांना मी दोष देत नाही, कारण कधीकाळी माझाही तोच समज होता आणि त्यापायी मी एक नांद्रुक (वडाच्याच कुळातले झाड) गमावला आहे.

ते माझे पहिले झाड. एका पुस्तकात वाचून मी डिसेंबरमध्ये त्याची मुळे छाटली आणि संक्रांतीपर्यंत त्यावर एकही पान उरले नाही. पुस्तक चुकीचे नव्हते, ते फक्त दुसऱ्या हवेतल्या झाडांसाठी लिहिलेले होते. जपानमधला मेपल कडाक्याच्या थंडीत पाने गाळून निजतो आणि वसंताच्या तोंडावर फांद्यांवरचे डोळे फुगू लागले की त्याची मुळे छाटतात, कारण लगेच पुढे वाढीचा जोर येणार असतो. आपल्याकडचे वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक त्या अर्थाने निजत नाहीत. पुण्यात पहाटेचे तापमान 10 ते 12 अंशांवर आले की ती केवळ मंदावतात. अशा वेळी कापलेल्या मुळांना नवी मुळे फुटत नाहीत आणि ओल्या मातीत ती जखम कुजत राहते. मुळे कापायची ती वाढीचा जोर सुरू होताना, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. फक्त तो जोर आपल्याकडे उन्हासोबत आणि हवेतल्या दमटपणासोबत येतो. फेब्रुवारीअखेरीसही हे काम करता येते, परंतु मग पुढचा कोरडा उन्हाळा नव्या मुळांना सोसावा लागतो आणि सावली-पाण्याचा पहारा आपल्याला द्यावा लागतो.

‘इनडोअर बोन्साय’ हा शब्दही असाच परदेशातून आलेला आहे. बर्फ पडणाऱ्या देशांत फायकस, म्हणजे वड-नांद्रुकाच्या कुळातले झाड, बाहेर ठेवला तर मरतो, म्हणून तो बिचारा घरात. आपल्याकडे त्याला टीव्हीच्या कपाटावर ठेवण्याचे काहीच कारण नाही. माझी सगळी झाडे बारा महिने गच्चीवर असतात आणि त्यांना अकरापर्यंतचे ऊन मिळते. पाहुणे येणार असतील तर एखादे झाड दिवसभर दिवाणखान्यात येते आणि रात्री परत जाते.

मातीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक झाडे इथेच मरतात. उथळ ट्रेमधून पाणी लवकर निघून जात असेल असे आपल्याला वाटते, पण घडते उलटेच. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरला, तर थोडे पाणी गळून थांबते. तोच उभा केला की आणखी बरेच गळते. मातीचेही तसेच आहे. कुंडी खोल असो वा उथळ, तळाशी ठरावीक उंचीचा थर चिंब राहतोच, आणि अडीच इंचांच्या ट्रेमध्ये तो थर म्हणजे जवळजवळ सगळी मुळेच. म्हणून माती भरड हवी. आपली दख्खनची काळी माती तर ट्रेमध्ये अजिबात चालत नाही. भिजली की ती फुगते, वाळली की भेगाळते, आणि भेगाळताना केसासारखी मुळे तोडते.

जपानहून येणारी अकादामा नावाची दाणेदार माती उत्तम असते, पण तिची किंमत ऐकून मी विटांकडे वळले. चांगल्या भाजलेल्या विटेचे तुकडे फोडायचे, ते आधी गव्हाच्या चाळणीने चाळायचे आणि खाली पडलेले पुन्हा रव्याच्या चाळणीने. रव्याच्या चाळणीत जे उरते, ते आपले. खाली पडलेली भुकटी निर्दयपणे टाकून द्यायची, कारण तीच पुढे तळाशी बसून चिखल करते. असे विटांचे दोन भाग, एक भाग तसाच चाळलेला मुरूम आणि एक भाग जुने, भुसभुशीत शेणखत, असे माझे मिश्रण असते. (दोन्ही चाळण्या आता गच्चीच्याच झाल्या आहेत. स्वयंपाकघरातून त्या गेल्या कुठे, यावर घरात झालेली चर्चा इथे देत नाही.)

माती बदलण्याच्या आदल्या दिवशी झाडाला पाणी दिले नाही, त्यामुळे मुळांचा मातीसकट गड्डा सहज सुटला. ढोकळा सोडवताना फिरवतो तशी ट्रेच्या कडेने सुरी फिरवली, तळाची तार कापली आणि झाड उचलले, तर खाली मुळांचे काथ्याच्या पायपुसण्यासारखे घट्ट जाळे झालेले. बांबूच्या बोथट काडीने ते बाहेरच्या बाजूने आत असे विंचरत गेले. खाली सरळ जाणारी जाड मुळे कापली, आडवी पसरणारी बारीक मुळे राखली आणि एकूण सुमारे एकतृतीयांश मुळे काढली. वड निम्मी मुळे गेली तरी तगतो, पण त्याच्या सोसण्याची परीक्षा दर वेळी पाहण्याचे कारण नाही. कापल्याबरोबर पांढरा चीक येतो. तो पाण्याच्या फवाऱ्याने थांबतो आणि हाताला लागलेला खोबरेल तेलाने निघतो, हे फणस चिरलेल्या कोणालाही सांगायला नको. सासूबाई शेजारी खुर्चीवर बसून पाहत होत्या. “अगं, एवढी मुळं कापलीस, आणि वर पानंही काढतेस?” त्यांनी विचारले. “आई, मुळं कमी झाली, तर पाणी पिणारी तोंडंही कमी करायला नकोत का?” असे म्हणून मी मोठी पाने देठ राखून कापत राहिले.

ट्रेच्या भोकांवर जाळी, जाळीतून वर काढलेली तार, थोड्या मातीचा उंचवटा आणि त्यावर झाड दाबून, किंचित फिरवून बसवलेले. तारेने झाड पक्के बांधणे ही अनेकांना हौसेची गोष्ट वाटते, पण झाड वाऱ्याने हलत राहिले तर फुटलेली कोवळी मुळे रोज तुटतात. नंतर काडीने टोचत टोचत माती मुळांच्या पोकळ्यांत उतरवायची, आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत बारीक झारीने पाणी द्यायचे. पुढे तीन आठवडे उजेड भरपूर पण ऊन नाही, आणि महिनाभर खत नाही. पावसाची झड लागली की ट्रेच्या एका बाजूखाली फरशीचा तुकडा सरकवते; तिरप्या ट्रेमधून साचलेले पाणी निघून जाते, तेही स्पंजाच्याच न्यायाने.

हे सगळे नियम अंगात पाणी साठवणाऱ्या जेडला आणि अडेनियमला लावू नयेत. त्यांची मुळे छाटल्यावर चार-सहा दिवस पाणीच द्यायचे नाही, जखमा सुकू द्यायच्या. बोगनवेलीची मुळे ठिसूळ असतात, म्हणून तिची सगळी माती झाडण्याच्या फंदात मी पडत नाही.

पाण्याचे वेळापत्रक मला कधी जमले नाही आणि ते असूही नये. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड, आणि एरवी ट्रे उचलून वजनाच्या अंदाजाने. उन्हाळ्यात टँकरचे जड पाणी सुरू झाले की ट्रेच्या कडेला आणि खोडाच्या बुंध्याशी पांढरे खार चढतात. पहिल्या पावसात ते जुन्या दातघासणीने घासून काढते. नांद्रुकाची पाने वाटाण्याच्या शेंगेसारखी मिटलेली दिसली, तर उघडून पाहावे: आत काळे फुलकिडे असतात. ती पाने तोडून टाकणे हाच पहिला उपाय, निंबोळी तेलाची फवारणी त्यानंतरची.

वडाचा मात्र खरा प्रश्न कीड नसून वटपौर्णिमा आहे. ज्येष्ठी पौर्णिमा बहुधा मृगाच्या आगेमागेच येते, म्हणजे नेमकी झाड नाजूक असतानाच. फांद्या तोडून आणून पूजा करण्यापेक्षा गच्चीवरचा जिवंत वड पुजावा, हे सासूबाईंचे म्हणणे मला पटते, आणि इमारतीतल्या चार-पाच जणी तरी दर वर्षी येतातच. एका वर्षी खोडाला गुंडाळलेले सूत पानांआड माझ्या नजरेतून सुटले. पावसाळ्यात खोड भरते. दसऱ्याला झाड साफ करताना ते सूत सालीत रुतलेले सापडले. फांद्यांना वळण देण्यासाठी गुंडाळलेल्या तारेचे वळ पडू नयेत म्हणून दर पंधरा दिवसांनी तारा तपासणारी मी, आणि वळ पाडला तो सुताने! तेव्हापासून आमच्या गच्चीवर सूत ट्रेभोवती गुंडाळतात आणि हळदकुंकू ताटलीत वाहतात.

तो वळ मातीपासून तीन बोटे वर अजून दिसतो. यंदा त्याच्या बरोबर वरून एक पारंबी फुटली आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत अशा पारंब्या ऑक्टोबर आला की टोकाशी सुकतात. रत्नागिरी-मालवणकडच्या दमट हवेत त्यांच्यासाठी काहीच करावे लागत नाही. म्हणून एक स्ट्रॉ उभी चिरून, आत ओले शेवाळ भरून, तिच्यात ती पारंबी सोडली आहे. मातीला टेकायला अजून दीड इंच बाकी आहे.