टॉम विल्सची सामनेसूची : १८५८ ते १८६६

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या पहिल्या पिढीतल्या टॉम विल्सच्या सामन्यांची सूची १८६६ पर्यंत आली आहे. आधार ‘ट्रोव्ह’ या ऑस्ट्रेलियाच्या ऑनलाइन संग्रहातली जुनी वृत्तपत्रे. जे सूची पुढे नेतील किंवा दुसऱ्या खेळाडूची करतील, त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी.

‘फुटबॉल’ हा शब्द तेव्हा मध्ये जोडरेघ घालून छापत, म्हणून दोन्ही रूपांनी शोधा. बातमी तरीही निसटली, तर वर्षाची मर्यादा घालून प्रतिस्पर्धी संघाच्या नावाने शोधा. शनिवारचा सामना सोमवारच्या ‘आर्गस’ या मेलबर्नच्या दैनिकात येतो. तोच पुन्हा साप्ताहिकात येतो, म्हणून सामन्याची आणि अंकाची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत हवी. नाहीतर एकच सामना दोनदा चढतो. नुसते ‘विल्स’ छापलेले असेल तर नोंद कच्ची धरा, कारण सेड्रिक, होरेस आणि एग्बर्ट हे त्याचे भाऊ.

गुणांचा रकाना ठेवूच नका. गोलला ६ आणि बिहाइंडला (गोलच्या बाजूच्या खांबांमधून गेलेल्या चेंडूला) १ ही पद्धत १८९७ ची; त्याआधी निकाल गोलांवर. ७ ऑगस्ट १८५८ चा स्कॉच कॉलेज विरुद्ध मेलबर्न ग्रामर हा दोन शाळांचा सामना २१ ऑगस्ट आणि ४ सप्टेंबरलाही चालला, दोघांचा एकेक गोल, म्हणजे बरोबरी. ही एकच नोंद. शिवाय विल्स तिथे जॉन मॅकॅडमबरोबर पंच होता. खेळाडू म्हणून तो मोजायचा नाही.

१८६१ आणि १८६२ चे हिवाळे, म्हणजे फुटबॉलचे हंगाम, रिकामे दिसतात, ते अंक हरवले म्हणून नव्हे. तो क्वीन्सलँडमध्ये होता. तिथे १७ ऑक्टोबर १८६१ रोजी कलिन-ला-रिंगो इथे आदिवासींच्या हल्ल्यात त्याचे वडील होरॅशियो यांच्यासह १९ जण मारले गेले, आणि नंतरच्या सूडसत्रात कितीतरी आदिवासींचे जीव गेले.

त्याला खेळाचा एकमेव जनक म्हणणे आम्हाला पटत नाही. १० जुलै १८५८ चे क्लब काढण्याचे आवाहन त्याचे. पण १७ मे १८५९ चे १० नियम मेलबर्न क्लबच्या हॅमर्सली, थॉम्पसन आणि स्मिथ यांच्यासोबत ठरले. त्यांत ऑफसाइड (चेंडूच्या पुढे थांबण्याला मनाई) नव्हता, आणि त्याचा खरा फायदा घेतला विल्सनेच : चेंडूच्या पुढे माणसे उभी करून. चेंडू घेऊन लांब धावणे मात्र त्या नियमांत बसत नव्हते. चेंडू आपटत धावण्याची अट १८६६ मध्ये, त्याचा आतेभाऊ हॅरिसनच्या पुढाकाराने झालेल्या सुधारणेत आली. म्हणून त्याआधीच्या वृत्तांतात धावेवरून वाद दिसला, तर त्या वर्षीचा नियम बघूनच शेरा लिहा.

पुढचा टप्पा जिलॉन्ग शहराच्या क्लबकडून खेळलेल्या सामन्यांचा. २६ डिसेंबर १८६६ ला मेलबर्न क्रिकेट मैदानावर विल्सने आदिवासी संघाचे नेतृत्व केले, पण तो क्रिकेटचा सामना. त्याची फाइल वेगळी ठेवा.