लंडनची हायरॉक्स आणि एका स्लेडची परवानगी

हायरॉक्स या फिटनेसच्या शर्यतीला जायचं ठरवलेल्या मैत्रिणी मला आधी व्हिसाचं विचारतात, मग बुटांचं. स्लेडचं, म्हणजे वजन लादून जमिनीवरून ढकलायच्या-ओढायच्या लोखंडी घसरगाडीचं, कुणीच विचारत नाही. म्हणून तेच आधी सांगते. तिकीट काढण्याच्या आधी आपल्या जिममध्ये जाऊन विचारा, स्लेड आहे का? आणि असेल तर ती ढकलू देतात का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या तयारीतला सगळा मनस्ताप या दुसऱ्या प्रश्नापायी झाला, आणि विषय निघाला की अजूनही माझा आवाज चढतो.

ज्यांना ही शर्यत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2017 मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला सुरू झालेली ही स्पर्धा. सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, मोरित्झ फ्युर्स्टे, हा जर्मनीकडून हॉकीत ऑलिंपिक सुवर्ण मिळवलेला खेळाडू. बंद हॉलमध्ये एक किलोमीटर धावायचं, मग एक स्टेशन, म्हणजे एक व्यायामप्रकार करायचा, असं 8 वेळा. स्टेशनांचा क्रम कुठल्याही शहरात तोच: स्की-अर्ग (उभ्याने दोर खाली खेचायचं मशीन) 1000 मीटर, स्लेड ढकलणं 50 मीटर, स्लेड ओढणं 50 मीटर, बर्पी ब्रॉड जंप (जमिनीवर पालथं पडून उठायचं आणि पुढे लांब उडी मारायची) 80 मीटर, रोइंग (वल्हवायचं मशीन) 1000 मीटर, दोन्ही हातांत केटलबेल (मुठीची वजनं) घेऊन 200 मीटर चालणं, खांद्यावर सँडबॅग घेऊन 100 मीटर लंजेस (गुडघा टेकवत टाकायची लांब पावलं) आणि शेवटी वॉल बॉल (जड चेंडू भिंतीवर उंच फेकणं). दुसरं आणि तिसरं, दोन्ही स्टेशनं स्लेडचीच आहेत. म्हणजे शर्यत जेमतेम तापते न तापते तोच तुमच्या पायांचा हिशेब होतो.

महिलांच्या ओपन गटात ढकलायची स्लेड 102 किलो आणि ओढायची 78 किलो, स्लेडचं स्वतःचं वजन धरून. पुरुषांच्या ओपनला हेच आकडे 152 आणि 103. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. स्पर्धेत स्लेड कार्पेटवर असते. जिममधल्या हिरव्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, तीच स्लेड सुळकन पुढे जाते, कार्पेटवर तेवढ्याच वजनाला ती जागची हलत नाही. त्यामुळे धावणं, रोइंग, वॉल बॉल या सगळ्याची तयारी कुठेही होते, स्लेडची मात्र स्लेडवरच करावी लागते.

आमच्या जिमच्या जाहिरातीत स्लेडचा फोटो होता. वर्षाची फी मी तो बघूनच भरली. प्रत्यक्षात स्लेड मागच्या कोपऱ्यात, तिच्यावर योगा मॅटचा ढीग, आणि ओढायचा जाड दोर त्याच मॅटना गुंडाळून ठेवलेला. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, फ्लोअर खराब होतो." फ्लोअर खराब होऊ नये म्हणूनच टर्फची पट्टी टाकलेली असते आणि ती तिथे टाकलेली आहे, हे मी त्यांना हाताने दाखवलं. मग कारण बदललं. इन्शुरन्सचा प्रश्न आहे, फॉर्म भरावा लागेल.

भरला. इजा झाल्यास जबाबदारी माझी, असा मजकूर. सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट हवं म्हणाले, ते त्याच संध्याकाळी आणून दिलं. फॉर्म "वर" गेला. वर म्हणजे नक्की कोण, ते मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. विचारायला गेलं की एकदा साहेब टूरवर, एकदा मेल केलाय, एकदा "तुमचंच काम चालू आहे मॅडम". शर्यतीची तारीख काही थांबत नव्हती. रोज वॉर्म-अप करताना ती स्लेड समोर दिसायची आणि मी शेजारी लेग प्रेस करत असायचे. मग एके दिवशी फॉर्म परत आला. नमुना जुना आहे, नव्या नमुन्यात साक्षीदाराची सही लागते. सही तिथल्याच तरुण ट्रेनरने केली. "ताई, द्या इकडे," म्हणाला आणि उभ्या उभ्या करून दिली. एवढंच काम होतं ते!

त्यानंतर मी तोंडी विचारणं बंद केलं आणि मेल लिहिला. फीच्या पावतीची तारीख, जाहिरातीतल्या फोटोची प्रत, दिलेल्या कागदांची यादी आणि एकच प्रश्न: परवानगी देताय की फी परत करताय, ते लेखी कळवा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दुपारी दोन ते चार, गर्दी नसताना, ट्रेनर हजर असेल तर चालेल. तो मेल मी अजून जपून ठेवलाय. तुम्हालाही कुणी असं झुलवत ठेवलं तर पहिल्याच आठवड्यात लेखी मागा. गोड बोलून तारखा पुढे जातात, परवानगी मिळत नाही.

परवानगीची वाट बघण्याच्या काळात काय करता येतं, तेही सांगते. लेग प्रेस, वजन घेऊन स्टेप-अप, लांब लंजेस आणि जमिनीवर टॉवेल टाकून त्यावर वजनाची प्लेट ठेवून ती वाकून ढकलणं. या शेवटच्या प्रकाराने मांड्या चांगल्याच पेटतात. काही जण बंद ट्रेडमिलचा पट्टा पायाने ढकलायला सांगतात; मोटरचं नुकसान होऊ शकतं, दुसऱ्याच्या मशीनवर ते करू नये.

स्लेड हातात आल्यावर पुढचा प्रश्न टर्फचा. ट्रेनरने कुठूनसा जुन्या कार्पेटचा पट्टा आणला. स्लेड ढकलली की कार्पेट पुढे गोळा व्हायचं, म्हणून तो टोकावर दोन्ही पाय रोवून उभा राहायचा. खरी स्लेड मला तिथे कळली. सगळ्यात जास्त ताकद जाते ती थांबलेली स्लेड पुन्हा हलवायला, चालती ठेवायला त्याहून कमी लागते. म्हणून सुसाट सुटून मध्ये तीनदा थांबण्यापेक्षा लहान लहान पावलं टाकत, अंग खाली ठेवून, न थांबता जायचं. स्पर्धेत लेन 12.5 मीटरची असते आणि चार फेऱ्या होतात. थांबायचं तर फेरी पूर्ण झाल्यावर, आणि किती श्वास घ्यायचे ते आधीच ठरवून. अख्खी स्लेड रेषेपार गेल्याशिवाय फेरी धरत नाहीत.

ओढताना हातांनी दोर खेचत बसलात तर पुढे रोइंगला पकड उरत नाही. हात सरळ ठेवा, कंबरेतून मागे झुका आणि आखलेल्या चौकटीत मागे पावलं टाकत शरीराच्या वजनाने ओढा. सुटलेला दोर पायात येतो, तो सतत एका बाजूला सारत राहायचं. आणि स्लेड झाली की लगेच धावायचं, हाही सरावाचाच भाग आहे. तेव्हा पाय लाकडाचे झालेले असतात. पहिली शंभर पावलं मुद्दाम आखूड टाकली की ते मोकळे होतात, हे मला सरावातच उमगलं होतं. दोन ते चारच्या त्या वेळेत मी स्लेड आणि ट्रेडमिल एकापाठोपाठ करायचे.

लंडनला एक्सेल या प्रदर्शन केंद्रात स्लेडच्या लेनमध्ये उभी राहिले तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका मध्येच थांबल्या. मी चारही फेऱ्या सलग नेल्या. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

बाकी गोष्टी आठवतील तशा. एक्सेल हा डॉकच्या काठावरचा लांबच लांब हॉल आहे, 2012 च्या ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग आणि वेटलिफ्टिंग इथेच झालं. एका टोकाला कस्टम हाउस, दुसऱ्या टोकाला प्रिन्स रीजंट, अशी दोन रेल्वे स्टेशनं आहेत. आपलं प्रवेशद्वार कुठल्या टोकाला आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेवा, आतल्या आत बरंच चालणं होतं. कस्टम हाउसला एलिझाबेथ लाइनची रेल्वे येते, हीथ्रो विमानतळाहून सामान घेऊन येणाऱ्यांना ती सोयीची.

प्रत्येक किलोमीटरमधल्या धावण्याच्या फेऱ्या आपल्या आपण मोजायच्या असतात आणि एखादी राहिली तर दंड बसतो. दमल्यावर दोन आणि तीनमध्ये गोंधळ होतो, म्हणून मी प्रत्येक फेरीला एक बोट मिटायचे. वेळ मोजायची चिप घोट्याला बांधतात. सॉक्स आधी नीट वर ओढून घ्या, नाहीतर पट्टा घासतो. स्टेशनांमधल्या जागेला रॉक्सझोन म्हणतात आणि तिथे गेलेला वेळही तुमच्या एकूण वेळेत धरला जातो. रेंगाळू नका. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी आत गरम होतं, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून धावू नका. बूट कार्पेटवर घासून बघितल्याशिवाय घेऊ नका. धावायला छान वाटणारे गुळगुळीत तळव्याचे बूट स्लेडला दगा देतात.

आणि विमानाचं. शर्यतीचं तिकीट ठरावीक दिवसाचं असतं, पण तुमच्या वेव्हची, म्हणजे एकत्र सोडल्या जाणाऱ्या तुकडीची, नक्की वेळ अगदी शर्यतीच्या आठवड्यात कळते. त्यामुळे परतीचं विमान त्याच दिवसाचं काढू नका. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. संध्याकाळी सहाची वेव्ह आली तर शरीराच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. दोन-तीन दिवस आधी पोचा आणि तिथल्या संध्याकाळी थोडं तरी धावून घ्या.