आमची वाटचाल : तिळावरचा काटा

जानेवारी २००९. लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत. काळ्या साडीवर सासूबाईंनी मला हलव्याचे दागिने घातले: तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ. बाजारातले असतील असंच मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात कोपऱ्यातली शेगडी आणि पितळी परात दिसली, तेव्हा कळलं की त्यातला दाणा न् दाणा त्यांनी स्वतः काढला होता.

पुढची पाच-सहा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून नुसती शिकले. २०१५ साली समोरच्या काकूंच्या सुनेसाठी एक संच करून दिला. काकूंनी हट्टाने पैसे हातात ठेवले. ती आमची पहिली विक्री.

हलवा करायला सामान थोडं लागतं, वेळ मात्र फार. पॉलिशचे पांढरे तीळ, साखर, पाणी, एवढंच. पाक उकळताना चमचाभर दूध घातलं की मळी वर येते, ती काढून पाक गाळायचा. पाक एकतारीच हवा. परातीखाली निखारे, त्यांच्यावर राखेचा थर. कोमट परातीतल्या दोन चमचे तिळांवर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हळूहळू फिरवत राहायचं. तो कोरडा झाला की पुढचा चमचा. घाई केली, पाक जास्त पडला, तर दाणे एकमेकांना चिकटतात. आच वाढली तर हलवा पिवळा पडतो. असं तीन-चार दिवस, रोज पहाटेपासून ऊन चढेपर्यंत. तिसऱ्या दिवशी दाण्यावर काटा उभा राहतो, आणि तो पहिल्यांदा बोटांना टोचतो तेव्हाचा आनंद मला अजूनही दरवर्षी तेवढाच होतो.

हा काटा नुसता शोभेचा नाही. हलव्याच्या दाण्याला सुईने भोक पाडता येत नाही, तो फुटतो. दोऱ्याची गाठ काट्यांमध्ये अडकते, म्हणून दागिना गुंफता येतो. मागणी वाढल्यावर आम्ही एक फिरती कढई महिनाभर वापरून पाहिली. दाणे भराभर मोठे झाले, पण आमच्या हातून ते गुळगुळीतच निघाले आणि गुंफताना दोरा निसटू लागला. कढई परत केली. कमी संच करू, पण परातीतलेच करू, हे त्या दिवशी ठरलं.

काट्याला कोरडी थंडी लागते. २०२१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात अवकाळी पाऊस झाला. दोन दिवस चाललेला घाणा ओलसर होऊन त्याचा गोळा झाला. साखर हवेतलं पाणी ओढून घेते, त्याला कुणाचा इलाज नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. न्यू जर्सीत राहणारी माझी भाची हॅलोविनला कँडी ॲपल करते. सफरचंदाला काडी टोचून लाल पाकात बुडवायचं, की वर काचेसारखं कडक कवच येतं. तिचा पाक दीडशे अंशांपर्यंत जातो, आमचा एकशेपाचच्या आसपासच थांबतो. पण दमट दिवशी तिचंही कवच चिकट होतं. फोनवर आमच्या तासन्‌तास गप्पा होतात त्या याच विषयावर.

बाकीचा प्रवास थोडक्यात सांगते. वर्षाला शंभर रुपये भरून अन्नसुरक्षेची नोंदणी केली. जरी, तार आणि मणी बोहरी आळीतून आणतो. एका दुकानाने अकरा संच नेले आणि पैसे कधीच दिले नाहीत. तेव्हापासून अर्धी रक्कम आधी घेतो. गुंफायला आळीतल्या चार बायका येतात, त्यांना नगावर मजुरी देतो. तन्मणी गुंफण्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. जावयासाठी हलव्याचा नारळ आणि हार त्यांनीच सुरू केला. खसखशीचा बारीक हलवा नथीला आणि साबुदाण्याचा मोठा दाणा कंबरपट्ट्याला, ही विभागणीही त्यांचीच.

सासूबाईंना आता शेगडीजवळ बसवत नाही. तयार हलव्यातले चार दाणे मी त्यांच्या तळहातावर ठेवते. त्या अंगठ्याने फिरवतात, मान हलवली तरच दाणे गुंफायला जातात. मागच्या वर्षी दोन घाणे त्यांनी परत पाठवले, आणि दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं.

नव्या नवरीच्या संचाची मागणी आम्ही २५ डिसेंबरला बंद करतो. त्यानंतर परातीत तीळ टाकले, तर संक्रांतीपर्यंत नीट दागिना होत नाही. बोरन्हाण मात्र रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे बाळांचे मुकुट आणि बासऱ्या त्यापुढेही करून देतो. फक्त बाळाच्या डोक्याचा घेर मोजून कळवा. बाळ किती महिन्यांचं आहे एवढ्यावरून मुकुटाचं माप ठरवता येत नाही.